बिनखुणेचा डबा

बुरैदा,
१२ नोव्हेंबर २०२३

प्रिय मामू,

अस्सलामु अलैकुम. तुमच्या कानांनी फोनशी फारकत घेतली तेव्हापासून घराण्यात पत्रं लिहिणारा मी एकटाच उरलो आहे. हाशिर सुट्टीवर गावी येतोय, त्याच्याकडे हे देतो. उत्तरही त्याच्याचकडे द्या, तो महिन्याने परत येणार आहे.

लेथवरून मला काढून क्लबच्या हत्यारखान्यात बसवलंय. आमचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, अबू मिशारी याचा बुरैद्याबाहेर लायसन्सवाला नेमबाजीचा क्लब आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सरावाची काडतुसं इथे हातानेच भरतात. झाडलेलं पितळ साफ करायचं, त्यात नवी दारू, नवी गोळी. आधीचा सुदानी मिस्त्री कायमचा गेला आणि मी तुमचा भाचा, लहानपणी तुमच्या पडवीत ठासणीच्या बंदुका बघितलेला, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्या हाताखाली सुरेश आहे. आपल्या करंजखोलच्या पलीकडच्या वाडीचा, पारूचा नवरा. स्टोअरचं रजिस्टर तो सांभाळतो.

आता अडचण. अबू मिशारीकडे त्याच्या वडिलांची जुनी रायफल आहे. तिच्यावर त्याचा फार जीव. पण ती नेम धरत नाही. कागदावर गोल भोक पडायचं सोडून लांबट भोकं पडतात, म्हणजे गोळी आडवी होऊन जातेय. दारू कमीजास्त करून बघितली, उपयोग नाही. परवा तो म्हणाला, "शारीक, ही रायफल नीट चालव, मी तुझ्या बायकोच्या व्हिसाच्या कागदावर सही करतो." हसत म्हणाला, पण म्हणाला.

फरहानाला आणि छोट्या लेकीला, अरवाला, मी दोन वर्षं बघितलेलं नाही. अरवा फोनवर माझ्याशी हिंदीत बोलते, मी कुणी बाहेरचा असल्यासारखी. काही सुचत असेल तर लिहा.

तुमचा,
शारीक


करंजखोल,
१० डिसेंबर २०२३

चि. शारीक यास मोहियुद्दीन मामूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हाशिर पेटीत सुक्करी खजूर आणि तोंडात मोठमोठ्या बाता घेऊन आला. खजूर चांगले होते.

अरे शहाण्या, लहानपणी माझ्या पडवीत काय माशा मारायला बसत होतास? नळी झिजली आहे, दुसरं काय. म्हातारीच्या बांगड्या सैल होतात तसं नळीचं झालंय. बाजारची गोळी तिच्यात खुळखुळत जाते, तिला पीळ मिळत नाही, मग ती आडवी होणार नाही तर काय?

नळी साफ कर. मऊ शिशाचा गोळा तिच्यातून गजाने हळूच पार ढकल आणि बाहेर आल्यावर मोज. त्यावर नळीची खरी जाडी उमटलेली असेल. मग त्या मापाला पुरेल अशी जराशी जाड गोळी ओत. जराशी म्हणजे केसाहून कमी, हे लक्षात ठेव. इथे डुकरं मारायच्या बंदुकांना मी हेच करत आलो. परकारांच्या बंदुकीची नळी इतकी खाल्लेली की तिच्या गोळीचा साचा मी तीनदा घासून मोठा केला. तीनदा! आणि परकार म्हणायचा, बंदूक माझीच बरी.

दारू मात्र कमीपासून सुरू कर. घट्ट गोळी मागे जोर देते. घाई करशील तर रायफल तुझ्यावरच उलटेल.

फरहाना परवा येऊन गेली. अरवाने माझ्या कानाच्या यंत्रात बोट घातलं आणि विचारलं, "इसमें कौन रहता है?" तिला घेऊन जा बाबा एकदाची, नाहीतर यंत्र बिघडेल.

मामू


बुरैदा,
७ जानेवारी २०२४

प्रिय मामू,

सलाम. जमलं.

शिशाचा गोळा काढला, मायक्रोमीटरने मोजला. नळी छापील मापापेक्षा खरंच मोठी निघाली. इथला साचा घासायच्या मलमाने थोडा थोडा मोठा केला. पहिल्या दिवशी वाळूच्या पोत्यांवर रायफल बांधून दोरीने चाप ओढला. सुरेश भिंतीमागे कानात बोटं घालून उभा होता आणि रामाचं नाव घेत होता. मी म्हटलं, माझ्याही वाटणीचं घे.

पाचही भोकं गोल. हाताच्या पंजाखाली झाकली जातील एवढी जवळ.

अबू मिशारीने कागद हातात घेतला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, वडील याच रायफलने मला शिकवायचे. मग त्याने मला मिठी मारली. क्लबात कुणी कामगाराला मिठी मारताना मी बघितलं नव्हतं. आता तो दर जुम्म्याला पाहुण्यांना बोलावतो, गहवा, त्यांची कॉफी, पाजतो आणि कागद दाखवतो.

मी शंभर काडतुसं भरून ठेवली. सुरेशने विचारलं, "शारीकभाई, डब्यावर काय लिहू?" मी म्हटलं, कशाला, माझ्या लक्षात आहे, खालच्या फळीवर डावीकडे.

व्हिसाचा कागद सहीसाठी गेला. मी खूप खूश आहे, मामू. हे तुमच्यामुळे झालं, असं अबू मिशारीलाही सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या मामूला इथे आण. मी म्हटलं, ते आले तर तुम्हालाच कामाला लावतील.

शारीक


करंजखोल,
११ फेब्रुवारी २०२४

चि. शारीक यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी जमातीच्या बैठकीत वाचून दाखवलं. परकाराचा मुलगा म्हणाला, मामू, तुमची गोळी अरबस्तानात पोचली. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या बंदुकीवर शिकलो, त्याची फी मागू नकोस.

पारू बाजारात भेटली. तिलाही सांगितलं की तुझा नवरा माझ्या भाच्याबरोबर हत्यारखान्यात आहे, मोठी जोखमीची जागा आहे. तिला फार बरं वाटलं. सुरेश या मे महिन्यात घरी येणार म्हणे. घरावर पत्रे चढवायचे आहेत, ते त्याच्यासाठी ठेवलेत.

इथे माकडांनी कलमांचा मोहर खाऊन टाकला. माझ्याने आता खांद्याला बंदूक लाववत नाही, नुसता आवाज करतो. माकडंही ओळखतात, म्हातारा मारायचा नाही.

व्हिसा आला की लगेच कळव.

मामू


बुरैदा,
१४ मार्च २०२४

प्रिय मामू,

सलाम. रोजे सुरू झाले. तब्येत ठीक आहे.

इथे एक प्रकार झाला. एक मार्चच्या जुम्म्याला अबू मिशारीच्या मेहुण्याच्या हातात रायफल फुटली. त्याला डोळ्याला लागलं. रायफल नवी होती, पण त्यात काही दोष असावा असं म्हणतात. काडतुसाचा डबा सुरेशने दिला होता, म्हणून चौकशीसाठी त्याला नेलं आहे. सुटेल.

तुम्ही काळजी करू नका. पारूने विचारलं तर सांगा, सगळं ठीक होईल.

व्हिसाचं काम चालू आहे.

शारीक


करंजखोल,
१३ एप्रिल २०२४

शारीक,

ईद झाली. शिरखुर्मा केला, पण खाल्ला नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी पारू आली. पायरीवरच बसली, वर आली नाही. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "चाचा, माझ्या घोवान काय केलान म्हणून त्याला धरलानी? तुमी तर म्हणालाव, तुमचा भाचा तिथं मोठा!" आजूबाजूच्या चार घरांनी ऐकलं. मी तिला तुझं वाक्य सांगितलं, सगळं ठीक होईल. फोनवर तिला सुरेश एवढंच म्हणाला म्हणे, "मी डबा दिला, बाकी मला काही माहीत नाही."

तुझं पत्र मी बारा वेळा वाचलं. तू मला साडेसहा ओळी लिहिल्यास. गोल भोकांबद्दल पानभर लिहिणारा पोरगा, आणि माणसाच्या डोळ्याबद्दल साडेसहा ओळी.

म्हणून सरळ विचारतो. त्या मेहुण्याच्या नव्या रायफलीत आपली जाड गोळी गेली का? काडतूस आत जाईना म्हणून त्याने काडतुसामागचा बोल्ट हाताने ठोकून बंद केला का? नव्या नळीत त्या काडतुसाच्या मानेला पसरायला जागा नसणार. जागा नसली की गोळी सुटत नाही आणि दारू मागे फिरते. हे तुला कळत होतं. मलाही कळत होतं. सुरेशला कळायचं कारण नाही.

आणि एक. डब्यावर खूण कर, हे मी तुला कधी शिकवलं नाही. मी रात्रंदिवस त्याचाच विचार करतोय. आपल्याकडे प्रत्येक घराचा साचा वेगळा. परकारांची गोळी परकारांच्या बटव्यात, सोलकरांची सोलकरांच्या. कुणी कुणाची गोळी मागत नाही आणि देत नाही, हात लावला तर भांडण होतं. म्हणून खुणेची गरजच पडली नाही. तिथे अशी चाल नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ही चूक माझीही आहे, आणि मी ती कुठेही जाऊन सांगीन.

पण तू तिथे आहेस. तू पोलिसांना काय सांगितलंस?

मामू


बुरैदा,
१९ मे २०२४

प्रिय मामू,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: हो. हो. आणि तिसऱ्याचं खाली लिहितो.

त्या जुम्म्याला मी नमाजहून उशिरा आलो. मेहुणा आपली नवी, पण त्याच मापाची रायफल घेऊन आला होता, काडतुसं आणली नव्हती. अबू मिशारी ओरडला, "माझ्या डब्यातलं द्या, माझ्या स्वतःच्या!" इथे पाहुण्याला आपलं चांगल्यातलं चांगलं द्यायचं असतं. सुरेशने खालच्या फळीवरचा डबा काढला, कारण तोच मालकाचा होता. रजिस्टरमध्ये लिहिलं आणि सही केली. त्याने सगळं बरोबर केलं.

मी दारातून आत येत होतो. मेहुणा तळव्याने बोल्टवर ठोकत होता. मला ते दिसलं. मी हाक मारली की नाही, आठवत नाही. बहुतेक मारली नाही. मग आवाज झाला. उजवा डोळा गेला, दोन बोटंही. वय सव्वीस. त्याचं नाव अफनानचा भाऊ म्हणूनच मला ठाऊक होतं. अफनान म्हणजे अबू मिशारीची बायको. खरं नाव दवाखान्याच्या कागदावर बघितलं, पण आता तेही आठवत नाही.

पोलिसांनी विचारलं, काडतुसं कोण भरतो. मी म्हटलं, मी. कुठला डबा कशाचा ते कोण सांगतं? मी म्हटलं, सगळे डबे सारखेच आहेत, यात काय वेगळं होतं मला माहीत नाही. एवढंच म्हटलं. सुरेश शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. उरलेली काडतुसं मी त्याआधीच उकलून गोळ्या वितळवल्या होत्या, कुणी मागायच्या आत. तेव्हापासून मला काहीच वाटत नाही. भूक लागते, जेवतो. झोप येते, झोपतो. सुरेशची खाट समोर आहे. तिच्यावर मी धुतलेले कपडे ठेवतो.

तुमचं पत्र आल्यावर चार दिवसांनी मी अबू मिशारीकडे गेलो. सगळं सांगितलं, जाड गोळीपासून. तो खजूर खात होता. म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सुरेश डबा देऊ शकतो, काडतूस बनवू शकत नाही. पण तू गेलास तर माझ्या वडिलांच्या रायफलीचं कोण बघणार? सासरच्यांना एक माणूस हवा होता, तो मिळाला. खलास." मग त्याने दुसऱ्या खोलीतून एक कागद आणून माझ्या हातात दिला. व्हिसा.

मी शुक्रन म्हटलं, मामू. तोंडातून तेच निघालं.

वीस जूनला फरहाना आणि अरवा येतायत, तीन महिन्यांसाठी. फरहानाला यातलं काही माहीत नाही. तुमच्या पायावर डोकं ठेवतो, तिला सांगू नका. ती आली की मी काय ते बघीन.

शारीक


करंजखोल,
१८ जून २०२४

शारीक,

हे पत्र फरहानाच्या हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. मी तिला म्हटलं, वाटेत वाच, नको वाटलं तर नको वाचू. तुझं मागचं पत्रही आत ठेवलंय.

तू सांगू नका म्हणालास. तुझा मामू असून मी ते ऐकलं नाही. तुला वाईट वाटेल तर वाटू दे, काहीतरी वाटू दे. पारू दर आठवड्याला येते. आता ओरडत नाही. माझी पडवी झाडते, पाणी भरते, मी नको म्हटलं तरी. मी तुझा मामू आहे म्हणून ती माझी भांडी घासते, शारीक. तिला वाटतं, मी तुला लिहिलं तर तू तिच्या नवऱ्याला सोडवशील. पाऊस लागला, तिच्या घराचे पत्रे अजून अंगणातच पडून आहेत.

बकरी ईदला मी खुतब्यानंतर उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं की त्या गोळीच्या मापाची अक्कल माझी होती आणि डब्यावर खूण करायला न शिकवणाराही मीच. परकाराचा मुलगा म्हणाला, मामू, बसा, तुमचं वय झालं. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

अरवाला जपा. फरहानाशी मी कधीच खोटं बोललो नाही, तिच्या लग्नातही नाही. तेव्हाही तिला सांगितलं होतं, पोरगा गुणी आहे, पण घाबरट आहे.

मामू


बुरैदा,
२३ जून २०२४

प्रिय मामू,

हे पत्र फरहाना आणेल. ती येत्या शनिवारी परत निघतेय.

गुरुवारी सकाळी मी विमानतळावर उभा होतो. अरवा माझ्यापासून दोन हात लांब थांबली आणि आईच्या ओढणीमागे गेली. फरहानाने सलाम केला आणि पहिल्यांदा पर्समधून तुमचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. ते वाचलेलं होतं. घड्या उलट्या घातल्या होत्या.

टॅक्सीत ती बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं ऊन. खोलीवर मी डाळ-भात करून ठेवला होता, तो तिघांनी खाल्ला. तिने ताटं धुतली. बॅगा दाराशीच होत्या, तिने उघडल्या नाहीत. अरवाने बाहुली मागितली तेव्हा म्हणाली, बाद में. मग ओल्या हातांनीच मला म्हणाली, "सुरेसभाव खय हाय? कवा जायचा?"

मी म्हटलं, आधी दोन दिवस आराम कर.

ती म्हणाली, "पारूनं आराम केलान काय?"

आम्ही तिघं गेलो. ठाण्यात गर्दी नव्हती. हिंदी बोलणारा दुभाषी येईपर्यंत त्यांनी आम्हाला पाणी दिलं. अरवा पंख्याखाली माझ्या मांडीवर झोपली. ओळख नसलेल्या माणसाच्या मांडीवर पोर कशी झोपते, असं मला वाटलं. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी वाटलं, म्हणून लिहितोय.

साहेब म्हातारा आहे, शांत. मी सगळं सांगितलं. नळीचं माप, साचा, डब्यावर खूण नव्हती ते, सुरेशने लिहू का विचारलं होतं ते, उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या वितळवल्या ते. अबू मिशारी काय म्हणाला तेही सांगितलं, पण ते त्यांनी वेगळ्या कागदावर घेतलं. सुरेशला आठवड्यात सोडतील असं दुभाषी म्हणतो. त्याला मला भेटू दिलं नाही, किंवा त्याने नको म्हटलं असेल. मी विचारलं नाही. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, त्यांनी ठेवून घेतला. सोमवारी मला तिथे परत जायचंय, कपडे घेऊन.

शेवटी साहेबाने विचारलं, हे सगळं तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मग साडेतीन महिने का थांबलास?

फरहाना समोरच्या बाकावर बसली होती. मी तिच्याकडे बघून उत्तर दिलं. म्हटलं, हिचा व्हिसा यायचा होता.

दुभाष्याने ते अरबीत सांगितलं. साहेबाने लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं, आणि मी त्याखाली सही केली.

शारीक